शेतातल्या टॉर्चला नवी एलईडी : एका रब्बीच्या नोंदी

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

हरभरा चार बोटं वर आलाय. महिनाअखेरीस पहिलं पाणी द्यायचं. पाणी म्हणजे रात्रीची लाइन आणि रात्रीची लाइन म्हणजे टॉर्च. आमच्या फिडरवर थ्री फेज कधी दिवसा असते, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की मोटर साडेदहाच्या पुढं सुरू होते आणि पहाटेपर्यंत वावरात पाइप हलवत बसायचं.

घरात टॉर्च दोन. पहिला प्लॅस्टिकचा, मागच्या पिना बाहेर काढून सरळ भिंतीच्या सॉकेटात खोचायचा. आत ४ व्होल्टची शिसे-आम्लाची बॅटरी. पावसाळाभर उतरलेल्या अवस्थेत खुंटीला लटकली, प्लेटांवर सल्फेट धरलं. आता रात्रभर चार्ज केला तरी पाइपाची पहिली ओळ हलवेपर्यंत मलूल होतो. तो मी दुरुस्त करणार नाही. असल्या टॉर्चमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो, एका कपॅसिटरच्या भरवशावर २३० व्होल्ट खाली आणलेले असतात. चार्जिंगला असताना आतल्या कुठल्याही धातूला बोट लागलं तर ते थेट लाइनला लागलं असंच धरायचं. चिखलाच्या हातानं वापरायच्या वस्तूत हा प्रकार नको.

दुसरा अ‍ॅल्युमिनिअमचा. अंग दणकट, आटे शाबूत, आत एक १८६५० मापाचा लिथिअम सेल बसतो. उजेड मात्र निळसर, आणि मोड पाच. त्यातले दोन नुसते लुकलुकणारे. ठरवलं ते एवढंच: अंग तेच, आतली एलईडी, ड्रायव्हर (एलईडीला जाणारा करंट सांभाळणारी पाटी) आणि सेल नवे. रब्बी निघेपर्यंत रोजच्या कामात वापरायचा आणि इथं लिहीत जायचं.

खोक्यावरच्या लुमेनबद्दल, म्हणजे एकूण उजेडाच्या मापाबद्दल, एकदाच लिहून ठेवतो. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. चांगल्यातला चांगला घेतला तरी साधारण ३५०० मिलिअँपिअर-तासांचा. ३.७ व्होल्टनं गुणलं तर तेरा वॅट-तास. पांढऱ्या एलईडीतून वॅटमागं शंभर-सव्वाशे लुमेन मिळाले तरी भरपूर, म्हणजे अख्खा सेल तासाभरात संपवला तरी दीड हजारांच्या आसपास. तेव्हा एका सेलच्या टॉर्चवर ‘९०००० लुमेन’ छापलेलं असेल तर ते वाचून खोकं खाली ठेवायचं. ‘९९०० एमएएच’ लिहिलेल्या सेलचंही तेच. किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवा. खरा सेल पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास भरतो, नकली बराच हलका असतो.

२२ नोव्हेंबर

सामान आलं. काही कुरिअरनं पांढरकवड्याला, सेल नागपूरला बर्डीवरून भावाच्या हाती.

एलईडी ४००० केल्विनची (हा आकडा वाढला की उजेड निळसर होतो), सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचं शंभरपैकी माप, ९०. जुनी ६५०० केल्विनच्या पुढची असावी. पांढरी एलईडी मुळात निळीच असते, वरच्या पिवळसर फॉस्फरच्या थरामुळं ती पांढरी दिसते. थर पातळ ठेवला की उजेड जास्त निघतो, पण निळा उरतो आणि तांबडा कमी पडतो. मग त्या उजेडात सुकलेला पाला, माती, काडी, सगळं एकाच राखी रंगाचं दिसतं. आमच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, हीच खरी अडचण आहे. परड, म्हणजे घोणस, तपकिरी अंगाची, त्यावर गडद ठिपक्यांच्या ओळी; ती वाळल्या पानात बसली की निळ्या उजेडात पानच वाटते. मण्यार काळी चकचकीत, तिच्यावर पांढरे पट्टे असतात. ती रात्रीच फिरते, पण निदान पट्ट्यांमुळं उठून तरी दिसते. मला तपकिरीतला फरक दाखवणारा उजेड हवा. त्यासाठी थोडे लुमेन गेले तरी चालतील, आणि जातातच. सीआरआय वाढला की तेवढ्याच करंटवर उजेड कमी होतो.

गमबूट आणि काठी टॉर्चच्या आधी येतात, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. तरी लिहून ठेवलं.

ड्रायव्हर १७ मिलिमीटरची गोल चकती. तिच्यावर एएमसी७१३५ नावाच्या आठ चिप. एक चिप ३५० मिलिअँपिअर करंट एकसारखा सोडते, म्हणजे आठ मिळून २.८ अँपिअर. एवढ्याचं मला काम नाही. चार चिप डीसोल्डर करून काढणार, उरले १.४ अँपिअर. सेल जास्त वेळ पुरेल, डोकं कमी तापेल.

२६ नोव्हेंबर

जोडला. एलईडी तांब्याच्या चकतीवर आहे, तिच्याखाली थर्मल पेस्टचा पातळ थर. पेस्ट जास्त थापली तर उष्णता उलट अडते. दोन वायरी, रिफ्लेक्टरखाली शॉर्ट होऊ नये म्हणून कापटॉन टेप. लुकलुकणारे मोड घालवायला ड्रायव्हरवर चांदणीसारख्या खुणा असतात. त्यातली एक कडेच्या रिंगला सोल्डरनं जोडली की तीनच मोड उरतात: मंद, मधला, पूर्ण. मल्टिमीटरवर करंट अनुक्रमे ७०, ४२० मिलिअँपिअर आणि १.४ अँपिअरच्या जवळपास.

कुटाराच्या (जनावरांच्या भुशाच्या) खोलीत दार बंद करून मोबाइलच्या लक्समीटरवर, म्हणजे भिंतीवर किती उजेड पडतो ते दाखवणाऱ्या अ‍ॅपवर, मोजलं. पाच मीटरवर जुनी एलईडी २१० लक्स दाखवत होती, नवी १६०. मोबाइलचा सेन्सर काही प्रयोगशाळेचा नाही, पण तोच मोबाइल, तीच भिंत असल्यावर तुलना तरी होते. लक्सला अंतराच्या वर्गानं, म्हणजे २५ नं गुणलं की कँडेला, म्हणजे झोताचा जोर: जुने ५२५०, नवे ४०००. टॉर्चच्या खोक्यांवर जे ‘बीम अंतर’ छापतात ते कँडेलाच्या वर्गमुळाची दुप्पट, म्हणजे जिथं उजेड पाव लक्स उरतो ते अंतर. पाव लक्स म्हणजे साधारण पुनवेचं चांदणं. त्या हिशेबानं जुना १४५ मीटर, नवा १२६.

कागदावर टॉर्च मागं गेला. दादानं आकडे बघितले आणि म्हणाला, “पैसे देऊन उजेड कमी करून आनला का बे तू?” मी म्हटलं, अमावस्येपर्यंत थांब.

३० नोव्हेंबर, शनिवार, अमावस्या

पहिलं पाणी आजपासून. मी आणि सालदार काका.

पांदणीनं जाताना दोन्ही टॉर्च बरोबर. जुन्या एलईडीचा एक सुटा टॉर्च दादाकडं होता, तो मागून घेतला. तो पुढं धरला की समोर एक पांढरा गोळा दिसतो आणि गोळ्याबाहेर काही नाही. नवा धरला की गोळा लहान, पण पायाखालची दोन-तीन हात जमीन दोन्ही बाजूंना उजळलेली. एलईडीचा घुमट मोठा, त्यामुळं प्रकाश पसरतो. लांबचं थोडं गेलं, जवळचं पुष्कळ मिळालं.

रंगाचा फरक मला दाखवावा लागला नाही. पऱ्हाटीच्या कडेला काका थांबले, नवा टॉर्च हातात घेतला, पायाशी फिरवला. “यात माती मातीसारखी दिसते, भाऊ. त्यात त सारं चुन्यावानी दिसते.” सीआरआय ९० म्हणजे काय हे मला चार वाक्यांत सांगावं लागलं होतं.

धुऱ्यावरची तार. ह्याबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण टॉर्च कसा असावा हे मला त्या तारेनंच शिकवलं. डुकरं आणि रोही (नीलगायी) आत येऊ नयेत म्हणून आता बहुतेक वावरांना झटका मशीनची तार आहे. मशीनचा झटका क्षणभराचा असतो, बसतो जोरात, माणूस मागं फेकला जातो, पण ते बनवलंच जीव न घेण्यासाठी. खरी भीती दुसऱ्या तारेची. कुणी चोरून सरळ लाइनवर आकडा टाकून धुऱ्यावर तार सोडतो. तिनं डुक्कर मरतं, वाघ मरतो आणि माणूसही मरतो. विदर्भात असं दरवर्षी घडतं. रात्री दुसऱ्याच्या धुऱ्यावरून जावंच लागतं, पाइपलाइन तिकडून आलेली असते. आता ही तार पातळ, गुडघ्याएवढ्या उंचीवर. अरुंद झोताचा टॉर्च लांब बघत चाललेल्या माणसाच्या हातात असेल तर झोत तारेवरून निघून जातो. पसरट उजेडात, टॉर्च कमरेच्या खाली आणि थोडा बाजूला धरला की तारेवर चकाकीची एक रेष सरकताना दिसते. आज तीन वावरं ओलांडताना प्रत्येक ठिकाणी ती रेष आधी दिसली, तार नंतर.

४ डिसेंबर

स्प्रिंकलर लावले. पाइप २० फुटी, दर दोन पाइपांवर एक नोझल, शेवटचा नोझल स्टार्टरपासून साठेक मीटर. तिथं नोझल फिरतोय की कचरा अडकून थांबलाय, हे इथूनच बघायचं असतं, नाही तर दर वेळी चिखलातून तिथवर चालत जायचं.

मधल्या मोडवर धरला आणि पाण्याची धार तुटली. म्हणजे खरी नाही तुटली. थेंबांच्या सलग रेषेऐवजी हवेत सारख्या अंतरावर ठिपके दिसायला लागले. नोझलचा हात तर एका जागी, मग दुसऱ्या जागी, मधलं काही नाही. काकांना वाटलं मोटर हवा ओढतेय.

कारण ड्रायव्हरचं. हा ड्रायव्हर उजेड कमी करताना करंट कमी करत नाही. पूर्ण करंटच सेकंदात कितीतरी वेळा चालू-बंद करतो, मधल्या मोडवर तीस टक्के वेळ चालू, सत्तर टक्के बंद. माती, झाड, भिंत स्थिर असतात, तिथं डोळ्याला सरासरी उजेड दिसतो. थेंब मात्र हलत असतो, त्यामुळं दर चमकेला तो वेगळ्या जागी सापडतो. मोबाइलचा कॅमेरा धरला तर काळे पट्टे दिसतात, कारण तेच. घरात बसून हे मला दिसलंच नसतं, कुटाराच्या खोलीत हलतं काय असतं?

पूर्ण मोडवर हा प्रकार नाही, तिथं करंट सलग असतो. म्हणून तूर्त नोझल बघताना क्षणभर पूर्ण, मग परत मधला. चालतं, पण दर वेळी बटणाशी खेळ. दुसरा ड्रायव्हर बघायला हवा.

११ डिसेंबर

आठवडाभर टॉर्च काकांकडंच होता. मुद्दाम दिला. मला बटणाची खोड माहीत, त्यांना नाही.

त्यांचं म्हणणं जवळपास जसंच्या तसं: “दाबलं का लागला पायजे, दाबलं का बंद झाला पायजे. अर्धं दाबा, पुरं दाबा, हे मले रात्री दोन वाजता नाई समजत. अन् एकदा मंद ठेवून बंद केला, त लावला तवा मंदच लागते. मले वाटलं सेल गेला.”

ड्रायव्हर शेवटचा मोड लक्षात ठेवतो, ही सोय म्हणून विकली जाते. एकाच माणसाच्या हातात असेल तर सोयच आहे. पण शेतातला टॉर्च माझ्या हातून काकांच्या, काकांच्या हातून दादाच्या, मग मायच्या हातात जातो. आधीच्यानं काय ठेवलं हे पुढच्याला माहीत नसतं. दर वेळी मधल्या मोडवरच लागेल असं हवं.

दुसरं काम जमलं. स्टार्टरची पेटी पत्र्याची. टॉर्चच्या शेपटाला पत्र्याची पट्टी वाकवून तिच्यात लहान निओडिमिअम चुंबक बसवला. आता टॉर्च पेटीच्या दाराला चिकटतो, झोत आत, दोन्ही हात मोकळे. ४१५ व्होल्टच्या पेटीपुढं टॉर्च दातात धरून उभं राहण्यापेक्षा हे बरं. चुंबक सेलच्या टोकाशी, आत, टाकू नका. सरकला आणि कडेच्या धातूला टेकला तर सेल शॉर्ट होतो, आणि लिथिअमचा सेल शॉर्ट होणं म्हणजे आग.

१५ डिसेंबर, पुनव

टॉर्च खिशातच. चांदण्यात नुसत्या डोळ्यानं तार सोडून सगळं दिसतं. तारेपुरता मंद मोड.

२३ डिसेंबर

सेल किती वेळ पुरतो ते मोजलं. टॉर्च कुटाराच्या खोलीत लावून ठेवला आणि अधूनमधून लक्स लिहिले. सेल २६०० मिलिअँपिअर-तासांचा, ४.२ व्होल्टपर्यंत भरलेला.

पूर्ण मोडवर पहिला दीड-पावणेदोन तास उजेड जवळजवळ सपाट. मग सेलचा व्होल्टेज एलईडीला लागतो त्याच्या जवळ आला की हळूहळू उतरायला लागतो. तीन व्होल्टच्या सुमारास ड्रायव्हर स्वतःच उजेड पाडतो, म्हणजे सेल पार पिळला जात नाही. मधल्यावर सहा तास, हिशेबाला धरून. मंद मोड मोजायला बसलो नाही, २६०० भागिले ७० करून सोडून दिलं. दीड दिवस निघतो.

प्लॅस्टिकच्या टॉर्चशी तुलना करायची तर आकडा किती यापेक्षा तो कसा उतरतो ते बघा. तो लावल्या क्षणापासून उतरत जातो आणि घरी परतेपर्यंत आपल्याला कळतही नाही किती कमी झालाय. हा सपाट चालतो आणि मग जो पडतो तो स्पष्ट कळतो, आणि कळल्यावर घरी जाण्याइतका वेळ उरतो.

थंडी चांगली पडलीय, त्यामुळं पूर्ण मोडवर अर्धा तास ठेवूनही अंग हाताला फक्त कोमट. मे महिन्यात काय होईल ते आजच सांगता येत नाही.

चार्जिंग: लिथिअम सेल भरणारी टीपी४०५६ची पाटी एका डबीत बसवली, मोबाइलचा चार्जर तिला चालतो. ती एक अँपिअरनं भरते, सेल पूर्ण रिकामा असेल तर तीन तासांच्या आसपास. गावठाणात सिंगल फेज बहुतेक वेळ असते, त्यामुळं दिवसा सेल भरून ठेवता येतो. थ्री फेजची वाट बघावी लागत नाही.

३ जानेवारी २०२५

पहाटे गाय व्यायली. नोंद टॉर्चची आहे म्हणून गाईचं थोडक्यात: कालवड, दोघी ठीक.

गोठ्यात बल्ब आहे पण तो दाराशी, गाय आत आडोशाला. टॉर्च सरळ तिच्यावर धरला की ती बिचकायची, मान फिरवायची. मग मधल्या मोडवर टॉर्च उभा ठेवून झोत छताच्या पत्र्याकडं केला. पत्र्यावरून उजेड सगळीकडं पसरून खाली आला, सावली नाही, डोळ्यावर तिरीप नाही.

मायनं विचारलं, “बॅटरी उलटी कायले ठेवली बापू?”

“उलटी ठेवली म्हणूनच त दिसून रायलं, माय.”

तिनं थोडा वेळ बघितलं आणि मग म्हणाली की रगत रगतासारखं दिसते. मागच्या वेळी जुन्या टॉर्चखाली वार पडली की नाही, कुठं जास्त रक्त आहे की नुसतं पाणी, हे काही कळत नव्हतं. सगळं काळसर दिसायचं. निळ्या उजेडात तांबडा कमी असल्यावर लाल वस्तू परत पाठवणार काय? सीआरआयचा उपयोग मी साप आणि पाला धरून मोजत होतो, गोठ्याचं मनातही नव्हतं. (हे नंतर जोडतोय.) दोन दिवसांनी बैलाच्या खुरात बाभळीचा काटा होता, तोही ह्याच उजेडात सापडला. कातडीच्या रंगातला बारीक फरक दिसला म्हणून.

तेव्हापासून टॉर्च रात्री मायच्या उशाशी असतो. मला शेतात जाताना मागून न्यावा लागतो.

११ जानेवारी

नवा ड्रायव्हर बसवला. ह्यात एक चिप वेगळी आणि बाकीच्या वेगळ्या चालतात. मधल्या मोडवर ती एकटी चिप सलग ३५० मिलिअँपिअर सोडते, चालू-बंद नाही. स्प्रिंकलरची धार आता धार दिसते. उजेड ४२० पेक्षा किंचित कमी, पण शेजारी शेजारी धरल्याशिवाय कळत नाही, आणि सेल सात तासांच्या वर जातो. म्हणजे लाइन येण्यापासून जाण्यापर्यंतची अख्खी पाळी, एका सेलवर. लक्षात ठेवणं बंद केलं. बटण दाबलं की मधलाच. काकांनी दाबून बघितलं, बंद केला, परत दाबला. काही बोलले नाहीत, खिशात टाकला.

मंद मोडवर अजून चालू-बंद आहेच. मंदचा उपयोग घरात, आणि वावरात बसून चहा पिताना. तिथं ठिपके दिसले तर दिसू द्या.

हरभरा फुलावर आहे. सकाळी पानांवर आंब धरते. तिनं भिजलेल्या हातांनी टॉर्च हाताळला की काच चिकट होते, आणि आंबेत आम्ल असतं, आट्यांत राहिलं तर अ‍ॅल्युमिनिअमला बरं नाही. घरी आल्यावर ओल्या फडक्यानं, मग कोरड्या. आट्यांना सिलिकॉन ग्रीसचं बोट. रबरी रिंगेलाही तेच.

सकाळचं धुकंही सध्या दाट. धुक्यात टॉर्च डोळ्याजवळ धरला तर समोर नुसता पांढरा पडदा, कारण उजेड धुक्याच्या कणांवरून उलट डोळ्यांत येतो. कमरेजवळ धरला की पडदा बराच विरळ होतो. पूर्ण मोड अशा वेळी निरुपयोगी, मधल्यावर जास्त दिसतं.

१९ जानेवारी

जागल. गव्हात रोही पडायला लागलेत. चंद्र उशिरा उगवतो, तोवर मिट्ट काळोख.

धुक्यात जे शिकलो त्याच्या बरोब्बर उलट इथं. जनावराचे डोळे चमकवायचे तर टॉर्च कानशिलाला लावून धरायचा. रोही, गाय, हरीण, मांजर, कुत्रा ह्यांच्या डोळ्याच्या मागं आरशासारखा एक थर असतो. आत आलेला उजेड तो आल्या दिशेनंच परत पाठवतो. टॉर्च आणि आपला डोळा एका रेषेत असले तरच परतलेला उजेड आपल्याला मिळतो. कमरेजवळून मारला तर रोही समोर असूनही डोळे चमकत नाहीत. कानशिलाजवळून मारला आणि गव्हाच्या त्या टोकाला जोड्याच जोड्या लागल्या.

डुकराच्या डोळ्यात तो थर नसतो. त्याचे डोळे तसे चमकतच नाहीत. म्हणजे उजेड फिरवला, काही चमकलं नाही, म्हणून वावरात काही नाही असं समजून परत फिरलो तर डुकरं निवांत खात बसतात. त्यांच्यासाठी कान. काका टॉर्च बंद करून उभे राहतात, काडी मोडल्याचा आवाज आला की त्या दिशेला पूर्ण मोड. काळं अंग हलताना दिसतं ते एवढ्या उजेडात साठ-सत्तर मीटरवर. जुना टॉर्च इथं थोडा पुढं गेला असता, हे मान्य. दादानं ते दोनदा ऐकवलं.

गवतात जमिनीलगत बारीक हिरवट ठिणग्या दिसतात. ते दव नव्हे, शिकारी कोळ्यांचे डोळे. टॉर्च सरकवला तरी जागेवरून चमकत राहतात. पहिल्यांदा दिसले की माणूस सगळं काम सोडून तेच बघत बसतो.

वाघाचे डोळेही असेच चमकतात. टिपेश्वर अभयारण्य इथून फार लांब नाही. २०१८ साली पांढरकवडा-राळेगाव भागात नरभक्षक ठरवलेल्या टी-१ वाघिणीचं प्रकरण झालं, तेव्हापासून आमच्याकडं रात्री ओलिताला दोघं जातात. डोळे चमकले म्हणून रोहीच असं धरून पुढं जायचं नाही. जोडी किती उंचीवर आहे, एकटी आहे का, हलते का, हे जागेवरून बघायचं. उत्तर पटलं नाही तर मोटर चालू ठेवून घरी.

६ फेब्रुवारी

गव्हाचं पाणी दंडानं, म्हणजे पाटानं. टॉर्च दादाच्या हातून दंडात पडला, लागलेल्या अवस्थेत. पाण्याखालून उजेड येत होता म्हणून लगेच सापडला. घरी उघडला, आत कोरडा. शेपटाच्या रबरी बटणाच्या कडेला गाळ बसला होता, तो ब्रशनं काढला. काचेवर एक ओरखडा, उजेडात फरक नाही.

चुंबकाची पट्टी मात्र वाकली आणि चुंबकाला लोखंडाची चुरी इतकी धरली आहे की निघता निघत नाही. काळ्या मातीत एवढं लोखंड असतं हे माहीत नव्हतं. चिकटपट्टी गुंडाळून काढली, तरी थोडी राहिली.

२३ फेब्रुवारी, रविवार

हरभरा सोंगला. पाण्याचं काम गव्हाच्या एका पाण्यापुरतं उरलंय.

शेजारच्या वावरात ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेतला पंप लागला. त्यांचं ओलित आता दिवसाच. शेजारचे काकाजी म्हणाले, आता बॅटरी कायले लागते? रात्री वावरात जायचंच नाही. त्यांचं खरं आहे. ओलितापुरतं. जागल, गोठा, पांदण, सरपण आणायला गेलेली माणसं उशिरा परतणं, हे सौर पंपानं थांबत नाही, आणि दोन दिवसांपूर्वी त्यांच्याच घरून रात्री आमचा टॉर्च मागायला मुलगा आला होता.

आमच्या सालदार काकांसाठी दुसरा टॉर्च बनवतोय. अंग बाजारातलं साधं, रिफ्लेक्टर खरबरीत, म्हणजे झोत आणखी पसरेल. एलईडी तीच. ड्रायव्हर नाही, एक एएमसी७१३५ चिप एकटीच, सरळ बटणाला. दाबलं की ३५० मिलिअँपिअर, परत दाबलं की बंद. सेल पार उतरू नये म्हणून संरक्षण पाटी असलेला सेल घेतला. तो लांबीला थोडा जास्त असतो, स्प्रिंग दबते का आधी बघून घेतलं. सेल, एलईडी, चिप, अंग सगळं मिळून सातशेच्या आत बसतं, त्यात सेलच सगळ्यात महाग. तिथं काटकसर केली की बाकी सगळं वाया.

उन्हाळ्याआधी करायचं: सेल पत्र्याच्या खोलीत ठेवायचे नाहीत आणि मोटरसायकलच्या डिकीत तर नाहीच. लिथिअम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असं त्यांच्या कागदावर असतं, आणि मे महिन्यात आमच्याकडं सावलीतच तेवढं असतं. चार्जिंग रात्री, घरात, फरशीवर. जे वापरात नसतील ते अर्धवट भरून माठाशेजारच्या फडताळात.

मायचा टॉर्च तिच्याकडंच राहणार, तसं ठरलं. माझ्यासाठी तिसरं अंग आणलंय. दादालाही एक हवाय, पण त्याला लांब मारणारा, निळा असला तरी चालेल, असं म्हणतो. तो त्यानं आपल्या पैशानं घ्यावा. सोल्डरिंग मी करून देईन.